विल्यम रॉक्सबर्ग

कलकत्त्यातील सियालदहच्या नैऋत्येस, हुगळीच्या पलीकडील तीरावर शिबपूरचे वनस्पतिउद्यान आहे. कर्नल रॉबर्ट किड यांनी १७८७ साली स्थापिलेल्या या उद्यानाची धुरा १७९३ साली विल्यम रॉक्सबर्ग (१७५१–१८१५) यांच्याकडे आली. स्कॉटलंडात जन्मलेले व एडिंबरो येथे वैद्यक शिकलेले रॉक्सबर्ग १७७६ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात शस्त्रवैद्य होते. तेलुगू प्रदेशातील सामलकोट येथे असतानाच त्यांनी देशी चित्रकारांकडून वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेण्यास आरंभ केला. ‘प्लांट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल’ हा ग्रंथ त्या परिश्रमाचे फळ होय. जोसेफ बँक्स यांच्या देखरेखीखाली लंडन येथे तो १७९५ ते १८२० या काळात तीन खंडांत निघाला. त्यात ३०० चित्रफलक आहेत. महाराष्ट्राच्या रानांतील बिबळा, शिसव व टेंभुर्णी या वृक्षांना त्यांची शास्त्रीय नावे याच ग्रंथाने दिली.

शिबपूर येथे चित्रसंग्रह २,५०० च्या वर गेला. १८१३ साली ढासळलेल्या प्रकृतीमुळे रॉक्सबर्ग यांनी भारत सोडला आणि १८१५ साली एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले. ‘फ्लोरा इंडिका’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ तोवर हस्तलिखितच होता. मराठीचे व्याकरण (१८०५) रचणारे विल्यम केरी यांनी तो श्रीरामपूर येथे छापण्याचे कार्य अंगावर घेतले; संपूर्ण संहिता १८३२ साली प्रकाशात आली. लेखकाचे श्रेय असे सुरक्षित राहिले. ज्या देशी हातांनी ती चित्रे रेखिली, त्यांची नावे मात्र कोरोमंडलच्या ग्रंथाने नोंदविली नाहीत.