पेशाने बिल्डर, पण घराच्या आवारातून देवयानी दीर्घिकेचा ऐतिहासिक फोटो काढला. कोण होते आयझॅक रॉबर्ट्स?

इन्स्टाग्रामवर स्क्रोल करताना देवयानी दीर्घिकेचा, म्हणजेच अँड्रोमेडा गॅलेक्सीचा फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. मधोमध पिवळसर गोळा आणि भोवती काळ्या पट्ट्यांची वेटोळी. ही वेटोळी जगाला फोटोतून पहिल्यांदा दाखवणारा माणूस ना प्रोफेसर होता, ना सरकारी वेधशाळेत नोकरीला. तो इमारती बांधणारा व्यावसायिक होता. त्यांचं नाव आयझॅक रॉबर्ट्स.

रॉबर्ट्स यांचा जन्म १८२९ सालचा, वेल्समधल्या डेन्बीजवळच्या ग्रोस गावातला. लहानपणीच कुटुंब लिव्हरपूलला आलं. पंधराव्या वर्षी ते बांधकामाच्या कंपनीत काम शिकायला लागले आणि पुढे स्वतःचा व्यवसाय उभा केला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १८७८ मध्ये त्यांच्याकडे ७ इंची दुर्बिण आली आणि आकाशाचा नाद लागला.

अंधुक गोष्टीचा फोटो कसा निघतो?

देवयानी नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसते. कितीही वेळ टक लावून बघितलं तरी ती उजळत नाही, कारण डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. फोटोची काच मात्र साठवते. जितका जास्त वेळ उघडी, तितका जास्त तपशील.

अडचण एकच. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सरकतात आणि फोटो हलतो. म्हणजे दुर्बिणीनेही ताऱ्यांच्याच वेगाने सरकायला हवं.

१८८५ मध्ये रॉबर्ट्स यांनी डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्याकडून २० इंची आरशाची दुर्बिण बनवून घेतली. लिव्हरपूलजवळच्या मॅघलमध्ये, स्वतःच्या घरी ती बसवली. तिच्या जोडीला त्याच स्टँडवर जुनी ७ इंची दुर्बिण. मोठी फोटो काढणार आणि छोटीतून एका ताऱ्यावर नजर ठेवायची. तारा जरा हलला की दुर्बिण सावरायची. आज हौशी फोटोग्राफर 'गायडिंग' करतात ते हेच, फक्त आता ते काम कॅमेरा आणि कॉम्प्युटर करतात.

२९ डिसेंबर १८८८. हिवाळ्यातली रात्र. रॉबर्ट्स यांनी काच तब्बल चार तास उघडी ठेवली. आधीच्या निरीक्षकांनी हाताने काढलेल्या चित्रांत जिथे दोन सरळ काळ्या रेघा होत्या, तिथे आता गोल फिरत गेलेली वेटोळी उमटली होती.

फोटो बरोबर, अर्थ चुकला

हे काय आहे? रॉबर्ट्स यांना वाटलं, वायूच्या ढगातून नवी सूर्यमाला तयार होतेय. त्या काळात अनेक खगोलशास्त्रज्ञांचंही असंच मत होतं. शेजारच्या दोन छोट्या ठिपक्यांचे पुढे ग्रह होतील, असाही अंदाज होता.

पुढे स्वच्छ आकाशासाठी ते इंग्लंडच्या दक्षिणेला, क्रोबरोला राहायला गेले. १८९५ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. १८९६ मध्ये सूर्यग्रहण बघायला नॉर्वेला गेले असताना खगोलशास्त्रज्ञ डोरोथिया क्लुम्पके यांच्याशी ओळख झाली. १९०१ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, त्यांनी लग्न केलं. तीनच वर्षांनी, १९०४ मध्ये रॉबर्ट्स गेले. डोरोथिया यांनी त्यांच्या फोटोंच्या काचा जपल्या आणि १९२९ मध्ये त्यांतून एक अ‍ॅटलास प्रसिद्ध केला.

खरं उत्तर मिळालं ते रॉबर्ट्स गेल्यानंतर. १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीत एक खास तारा सापडला, ज्याच्या लुकलुकण्यावरून अंतर मोजता येतं. त्यातून कळलं की तो ढग नाही, आपल्या आकाशगंगेबाहेरची ताऱ्यांची स्वतंत्र दुनिया आहे. आजच्या मोजमापानुसार ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे.

म्हणजे रॉबर्ट्स यांच्या काचेवर एक अख्खी दीर्घिका उमटली होती, आणि ते त्यांना कधीच कळलं नाही. त्यांचा अंदाज मागे पडला. चार तास जागून टिपलेली वेटोळी मात्र आजही तितकीच खरी आहेत.