घर हाच स्टुडिओ : दादासाहेब फाळके

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. परंतु ते मुळात चित्रकार होते, आणि त्यांचा पहिला स्टुडिओ म्हणजे त्यांचे राहते घर होते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी आपल्या नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला व फोटोग्राफी शिकून घेतली. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना चालविला. भागीदारांशी पटेना म्हणून छापखानाही सोडला. १९११ च्या सुमारास येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना सिनेमाचे वेडच लागले. डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ दिसेनासे झाले. तरी माघार नाही! विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, काम शिकले आणि कॅमेरा मागवला.

आता पैसा कोण देणार? दादासाहेबांनी घरातच कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडीथोडी छायाचित्रे घेऊन रोप कसं वाढतं ते पडद्यावर दाखवलं. ते पाहून भांडवल देणारा माणूस मिळाला. पण पुरेना, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

दादरच्या घरात 'राजा हरिश्चंद्र'चे काम सुरू झाले. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोकं स्वतःच पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करायचा. पोरगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

त्याच वर्षी दादासाहेब सगळा संसार आणि सामान घेऊन नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी काम केलं. सिनेमात बाईने काम करणे ही त्या वेळी केवढी धिटाई! पुढे मुलगी मंदाकिनी 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली.

१९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पैसा आला, पण त्याबरोबर कटकटीही आल्या. आजवर घरचा मामला होता, आता पैशापैशाचा हिशेब मागणारे आले. दादासाहेब रुसून काशीला गेले, पुन्हा परतले. त्यांचे बहुतेक चित्रपट पुराणकथांवरचे, परंतु १९२३ मध्ये याच कंपनीतर्फे त्यांनी 'बुद्धदेव' हा चित्रपटही काढला, याची आपण नाशिककरांनी आठवण ठेवायला हवी. बोलपट आले आणि त्यांचा काळ मागे पडला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षं ओढगस्तीची गेली. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशाचा मोठा पुरस्कार दिला जातो.

आपण त्रिरश्मी लेण्यांवर जातो तेव्हा पायथ्याशी बुद्धस्मारकाशेजारीच फाळके स्मारक लागते. मुलांना ते जरूर दाखवावे. मात्र दाखविताना दादासाहेबांबरोबर सरस्वतीबाईंचेही नाव घ्यावे. आपल्याही वस्तीत कुणी घरातच मूर्ती घडवतो, कुणी पाट्या रंगवतो, कुणी शिलाई करतो. नाव त्या एकाचे होते. पण जागा मोकळी करून देणारी, रात्र जागणारी, पोटाला घालणारी घरची माणसं त्या कामात तितकीच असतात. त्यांचे श्रम मोजायला आपण घरापासूनच शिकलं पाहिजे.