बुल्वर-लिटन आणि ‘झॅनोनी’ची किंमत

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन मराठी अभ्यासकाला परिचित आहे तो १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्यामुळे. त्याचा पिता एडवर्ड बुल्वर-लिटन हा एके काळी डिकन्सच्या बरोबरीने वाचला जाणारा कादंबरीकार होता, ही गोष्ट मात्र आज बहुधा विस्मरणात गेली आहे.

एडवर्डचा जन्म १८०३ चा. वडील लवकर वारले. नेबवर्थची वडिलार्जित जहागीर आईकडे होती. १८२७ मध्ये त्याने आईच्या इच्छेविरुद्ध रोझिना व्हीलरशी विवाह केला आणि आईने त्याचा तनखा थांबविला. त्याचे आरंभीचे विपुल लेखन या अर्थटंचाईतून झाले. ‘पेलहॅम’ (१८२८) गाजली, ‘द लास्ट डेज ऑफ पाँपेई’ने (१८३४) त्याची कीर्ती युरोपभर नेली. संसार मात्र मोडला. १८३६ मध्ये पतिपत्नी कायद्याने विभक्त झाली. पुढे मुलेही रोझिनाकडून काढून घेण्यात आली.

या पार्श्वभूमीवर ‘झॅनोनी’ (१८४२) वाचावयास हवी. काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा. एका प्राचीन गुप्त संप्रदायाचे दोनच साधक उरले आहेत : ज्ञानासाठी सर्व मानवी बंध तोडणारा मेजनूर आणि चिरतरुण झॅनोनी. ग्लिंडन या इंग्रज चित्रकाराच्या पूर्वजाला किमयाविद्येचा नाद होता. तो कुळाचा वारसा त्यालाही या वाटेवर ओढतो. अधिकार नसताना साधना केल्यामुळे उंबरठ्यावरची एक भीषण शक्ती त्याच्या मागे लागते आणि त्याच्या बहिणीचाही बळी घेते. झॅनोनी मात्र व्हायोला या गायिकेवरील प्रेमापायी अमरत्व सोडतो आणि अखेर तिच्यासाठी गिलोटिनखाली जातो. कादंबरीचा गूढवाद पुष्कळदा शब्दबंबाळ होतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्ञानाची किंमत कोण मोजतो हा तिचा प्रश्न खरा आहे. ग्लिंडनच्या बाबतीत ती घरच्या माणसाने मोजली.

लेखकाच्या घरीही काही निराळे घडले नाही. मुलगी एमिली १८४८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी विषमज्वरासारख्या तापाने गेली. १८५८ मध्ये तो वसाहतमंत्री झाला, तेव्हा हर्टफर्डच्या निवडणूक सभेत रोझिनाने त्याच्यावर जाहीर आरोप केले. त्याने तिला वेड्यांच्या खासगी इस्पितळात ठेवविले. वृत्तपत्रांतून ओरड झाल्यावर काही आठवड्यांत तिची सुटका करावी लागली. स्त्रीसाठी प्राण देणारा नायक निर्माण करणाऱ्या लेखकाचे हे कृत्य चरित्रकाराने झाकू नये, आणि त्यावरून कादंबरीला खोटे ठरविण्याची घाईही करू नये. आपल्याला जे साधले नाही, तेच त्याने झॅनोनीकडून करवून घेतले असावे, असे मला वाटते.

त्याच्या साहित्यिक अधिकाराविषयी एवढे सांगितले तरी पुरे, की ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट डिकन्सने त्याच्या सल्ल्यावरून बदलला. ‘द कमिंग रेस’ (१८७१) ही भूगर्भातील प्रगत मानववंशाची कथा त्याने अखेरच्या काळात लिहिली. १८ जानेवारी १८७३ रोजी टॉर्की येथे तो निवर्तला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले.

‘झॅनोनी’ला नवे वाचक मिळाले ते थिऑसफीच्या वर्तुळात. तिच्या चाहत्या मादाम ब्लॅव्हॅट्स्की १८७९ मध्ये मुंबईस उतरल्या, तेव्हा कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या गादीवर बुल्वर-लिटनचा मुलगा होता. रोझिना त्यानंतर तीन वर्षांनी, १८८२ मध्ये वारली.