बाबातुंडे ओलातुंजी

बाबातुंडे ओलातुंजी (७ एप्रिल, इ.स. १९२७ - ६ एप्रिल, इ.स. २००३) हे नायजेरियन तालवादक, शिक्षक आणि सामाजिक कार्यकर्ते होते. पश्चिम आफ्रिकेतील पारंपरिक ढोलवादन अमेरिकेत रुजवणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

जीवन

ओलातुंजी यांचा जन्म बदाग्रीजवळील अजिदो या गावी झाला. जन्मापूर्वीच वडिलांचे निधन झाले होते. बाबातुंडे या नावाचा अर्थ 'वडील परत आले' असा होतो. इ.स. १९५० मध्ये रोटरी शिष्यवृत्ती मिळवून ते अटलांटा येथील मोरहाउस महाविद्यालयात दाखल झाले. मुत्सद्दी होण्याची त्यांची इच्छा होती. मात्र सहाध्यायांच्या मनातील आफ्रिकेविषयीचे गैरसमज पाहून त्यांनी वादन-नृत्याचे कार्यक्रम सुरू केले. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात लोकप्रशासनाचे शिक्षण घेताना खर्च भागवण्यासाठी त्यांनी वादकांचे पथक उभारले.

कारकीर्द

इ.स. १९६० मध्ये प्रकाशित झालेला 'ड्रम्स ऑफ पॅशन' हा त्यांचा संगीतसंग्रह अतिशय लोकप्रिय ठरला. त्यातील 'जिन-गो-लो-बा' ही रचना सांतानाने इ.स. १९६९ मध्ये 'जिंगो' या नावाने सादर केली. इ.स. १९९१ मधील 'प्लॅनेट ड्रम' या संग्रहात मुंबईचे तबलावादक झाकिर हुसेन हे त्यांचे सहवादक होते. या संग्रहाला जागतिक संगीत विभागातील पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

अध्यापन

योरुबा समाजात ढोलवादनाची विद्या प्रामुख्याने वादक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून मुले ती ऐकून व अनुकरणाने शिकतात. अशी परंपरा नसलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी ओलातुंजींनी बोलांची सोपी पद्धत वापरली. तिच्यात 'गुन' व 'दुन' हे मध्यभागी वाजणारे खर्जातील आघात, 'गो' व 'दो' हे कडेजवळील खुले आघात आणि 'पा' व 'ता' हे तीक्ष्ण थापेचे आघात होत. प्रत्येक जोडीतील पहिला बोल उजव्या हाताचा, तर दुसरा डाव्या हाताचा असे. बोल तोंडी म्हणता आल्यावर ते हातांनी वाजवायचे, असा शिकवण्याचा क्रम होता. जेंबे, म्हणजे चषकाच्या आकाराचा ढोल, आणि आशिको, म्हणजे शंकूच्या आकाराचा ढोल, ही त्यांची प्रमुख वाद्ये होती.

इ.स. १९६७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधील हार्लेम येथे आफ्रिकी संस्कृती केंद्र उघडले. त्यासाठी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी आर्थिक साहाय्य केले. त्याच वर्षी २३ एप्रिल रोजी कोल्ट्रेन यांनी तेथे वादन केले. तीन महिन्यांच्या आत त्यांचे निधन झाले. आर्थिक अडचणींमुळे केंद्र पुढे बंद पडले, परंतु ओलातुंजी कार्यशाळांतून शिकवत राहिले.

निधन

मधुमेहाने ग्रस्त असलेल्या ओलातुंजींचे कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथे ७६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी निधन झाले. 'द बीट ऑफ माय ड्रम' हे त्यांचे आत्मचरित्र इ.स. २००५ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले.