कर्मवीरांची खतावणी

साताऱ्याला माझी बदली झाली तेव्हा गोंदियाच्या आप्तांनी मला परदेशी निघालेल्या माणसासारखा निरोप दिला. धानाच्या मुलखातून उसाच्या मुलखात, राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला! बँकेच्या नोकरीत गाव ओळखायचं तर पेन्शनच्या रांगेत उभं राहावं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्त शिक्षक येत आणि पासबुक पुढं करता करता त्यांच्यातला कुणीतरी अण्णांचा विषय काढीच. अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १९५९ साली गेलेला हा माणूस त्या रांगेत दर महिन्याला हजर असे. शाळेच्या भिंतीवरची पांढऱ्या दाढीची तसबीर, एवढीच माझी तोवरची ओळख.

आता हे आठवायला कारण घडलं. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी एक छापील प्रश्नावली घेऊन आली. नव्या शैक्षणिक धोरणात समाजाशी नातं जोडण्याचे क्रेडिट मिळतात. त्यासाठी तिला खेड्यात जाऊन पंचवीस घरांची माहिती भरून आणायची होती. ती भरल्यावर त्या घरांचं पुढं काय होणार, असं मी विचारलं. तिला ते ठाऊक नव्हतं, आणि दोष तिचा मुळीच नव्हता. मात्र मला साताऱ्याची ती रांग आठवली.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरकडच्या कुंभोजचा. घराणं जैन, वडील महसूल खात्यात. कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहून शिकताना ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. मॅट्रिकही पदरात पडलं नाही. पुढं १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण उभं राहिलं. अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायला भाऊराव तयार झाले नाहीत, म्हणून त्यांच्याच वाट्याला कोठडी आणि छळ आला. त्यानंतर पोटासाठी त्यांनी विक्रेत्याची नोकरी धरली आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. चरित्रकार या काळावरून घाईनं पुढं सरकतात. मला वाटतं, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याच्या घरात काय आहे आणि काय नाही, हे त्यांना याच फिरतीत कळलं असावं.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग निघालं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एका स्वयंपाकघरातलं जेवत. तेव्हाच्या साताऱ्यात ही गोष्ट एखाद्या आंदोलनाएवढीच मोठी होती, आणि ती रोज दोन वेळा घडत होती.

या पोरांना खाऊ काय घालायचं? इथं माझ्यातला बँकवाला जागा होतो. सरकारी मदत अपुरी, फी देणारं कुणी नाही. मग घरोघरच्या बायकांनी दळणाआधी एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते गोळा करून बोर्डिंगात आणायचं, असा मुष्टिफंड उभा राहिला. तोही पुरेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, आणि शेवटी एकदा पोरं उपाशी राहायची वेळ आली तेव्हा मंगळसूत्रही. सोनं तारण ठेवायला आलेल्या बायका मी काउंटरवर कितीतरी पाहिल्या आहेत. बांगड्या येतात, पाटल्या येतात. मंगळसूत्राला हात लागतो तो सर्वांत शेवटी. लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. संस्थेचं कॉलेज त्यांनी पाहिलं नाही. भाऊरावांच्या चरित्रातलं हे पान मी अजूनही सहज उलटू शकत नाही. ध्येय नवऱ्याचं आणि त्यासाठी रिकामा झालेला गळा बायकोचा, हा हिशेब मला सुटत नाही. गौरवग्रंथ तो सोडवायच्या भानगडीतच पडत नाहीत.

१९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि कमवा व शिका ही योजना रुजली. १९४७ मध्ये त्याच पायावर छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. स्वतः मॅट्रिक न झालेल्या माणसानं काढलेलं कॉलेज! तिथली गरीब मुलं शेतात राबत, खणत, दगड फोडत आणि मग वर्गात बसत. ही समाजसेवा आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तीच त्यांची फी होती, तेच त्यांचं जेवण. थकून अभ्यासात मागं पडलेली, मधूनच घरी परतलेली पोरंही असणारच; पेन्शनच्या रांगेत ती दिसत नाहीत, रांगेत उरलेलेच येतात. पण त्या उरलेल्यांपैकी कितीतरी जण डोंगरातल्या एकशिक्षकी शाळांत शिकवायला गेले.

१९४८ नंतर सरकारशी बिनसलं आणि संस्थेचं अनुदान थांबलं. पुढं ते पुन्हा मिळू लागलं, पण मधल्या काळात शाळा लोकांनी जगवल्या. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभरावर गेल्या होत्या आणि महाविद्यालयं तीन होती.

आमच्याकडेही मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली, म्हणून माझ्या पिढीला कॉलेज दारात मिळालं. भाऊरावांचं कॉलेज आमच्याहून वेगळं होतं ते जमा आणि नावे या बाबतीत. त्यांच्या खतावणीत विद्यार्थी देणेकरी होता. गावानं मूठभर धान्य आधीच दिलेलं होतं आणि पोरगं ते फेडत होतं. आमच्या खतावणीत विद्यार्थी दाता झाला. तो खेड्याला काहीतरी देऊन येतो आणि पावती म्हणून गुण घेतो.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दहा वर्षांनी मीही तिच्यात होतो. सालेकशाकडच्या एका गावात आमचं दहा दिवसांचं शिबिर होतं. गावच्या बोडीच्या पाळीवर माती टाकायची होती. पहिले दोन दिवस टोपल्या उचलल्या. नंतर हाताला फोड आले म्हणून मी अहवाल लिहायचं सावलीतलं काम मागून घेतलं. अक्षर चांगलं होतं! कामाचे तास मी सढळ हातानं वाढवून लिहिले. पुढच्या पावसाळ्यात ती पाळ फुटली आणि खालच्या बांध्यांत गाळ भरला, हे मला फार उशिरा, बँकेत लागल्यावर, कर्ज मागायला आलेल्या तिथल्याच एका शेतकऱ्याकडून कळलं. मला त्यानं ओळखलं नव्हतं. मीही ओळख दिली नाही.

शेजारच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, शिबिरात जेवायला काय असायचं. भात आणि लाखोरीची डाळ, कधी बोडीतली मासळी. शिधा आम्ही नेला होता, पण तो सहाव्या दिवशीच संपला. पुढचे चार दिवस गावानं घरोघरी तांदूळ गोळा करून आम्हा पोरांना जेवू घातलं. माझ्या अहवालात कामाच्या तासांचा रकाना होता, टोपल्यांचा होता, उपस्थितीचा होता. तांदळाचा नव्हता.

रविवारी ती त्याच बाजूच्या गावांत प्रश्नावली घेऊन जाणार आहे. मीही येतो म्हटलं आहे.