खाशाबा जाधव
खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : गोळेश्वर, जि. सातारा, १५ जानेवारी, १९२६, मृत्यू : १४ ऑगस्ट, १९८४) हे स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे कुस्तीगीर होते. १९४८ साली लंडनला ते फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर, नियमानुसार विश्रांती न मिळताच, त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव यांच्याशी लढावे लागले. दाद मागण्यास भारतीय अधिकारी उपस्थित नव्हता. ते पराभूत झाले व कांस्यपदकाचे मानकरी ठरले. ताज्या दमाचे खाशाबा मामेदबेयोव यांना भारी पडले असते का, हा कुस्तीशौकिनांच्या चर्चेचा विषय अनुत्तरितच राहिला. अर्जुन पुरस्कारही त्यांना मरणोत्तर मिळाला.