कॅप्टनच्या खुर्चीमागचा माणूस

‘स्टार ट्रेक’ हे नाव ऐकलेलं नाही असा माणूस आपल्या कॉलेजमध्ये शोधूनही सापडणार नाही. स्पॉकचे टोकदार कान, एका जागी अदृश्य होऊन दुसऱ्या जागी उगवणारी माणसं, ‘एंटरप्राइज’ नावाचं ते बशीसारखं यान... हे सगळ्यांना माहीत असतं. पण ही दुनिया ज्याने उभी केली तो जीन रॉडनबेरी कोण होता असं विचारलं, तर बहुतेक जण गप्प बसतात. मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते यानामुळे किंवा परग्रहवासीयांमुळे नाही, तर त्याच्या एका विचित्र नियमामुळे. त्याने लेखकांना बजावून ठेवलं होतं, की यानावरचे अधिकारी आपापसात भांडणार नाहीत. हेवेदावे नाहीत, कुरघोडी नाही, पाठीमागे कुचकं बोलणं नाही. आता भांडण नाही तर नाटक कसलं? लेखक बिचारे डोकं धरून बसायचे. हा नियम आला कुठून, हे समजायचं तर त्याचं आयुष्य बघावं लागतं.

जन्म १९ ऑगस्ट १९२१, टेक्सासमधल्या एल पासो गावी. लहान असतानाच घर लॉस एंजेलिसला आलं आणि वडील तिथल्या पोलिसांत लागले. मुलानेही कॉलेजात पोलीस प्रशासनाचाच अभ्यास घेतला, पण मधेच विमान चालवायला शिकला आणि लष्कराच्या हवाई दलात गेला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये तो बी-१७ हे चार इंजिनांचं बॉम्बर विमान उडवायचा. ऑगस्ट १९४३ मध्ये एस्पिरितु सांतो बेटावर उड्डाण घेताना त्याचं विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेलं आणि आदळलं. त्याच्या क्रूमधले दोघे जण गेले. चौकशीत त्याच्यावर दोष आला नाही. तेव्हा तो बावीस वर्षांचाही नव्हता, म्हणजे आपल्यातल्या फायनल इयरवाल्याएवढा. या वयात दोन सहकाऱ्यांचा मृत्यू आपल्या हाताखाली बघणं काय असतं, याची कल्पनाही करवत नाही.

युद्धानंतर तो ‘पॅन अॅम’ या प्रवासी विमान कंपनीत लागला. आणि मग आली १९ जून १९४७ ची पहाट. विमान कराचीहून इस्तंबूलला निघालं होतं. (फाळणी अजून व्हायची होती, म्हणजे ते आपल्याच देशातून निघालं होतं म्हणा ना!) जातीचं कॉन्स्टेलेशन, चार इंजिनांचं. वाटेत एक इंजिन बंद पडलं. उरलेल्या इंजिनांवर ताण आला, ती तापली आणि त्यातल्या एकाला आग लागली. जळतं इंजिन पंखापासून सुटून खाली पडलं. रॉडनबेरी त्या फेरीत ड्युटीवर नव्हता, नुसता प्रवासी म्हणून परत चालला होता. तरी कॅप्टनने त्याला मागे प्रवाशांजवळ जाऊन त्यांना धीर द्यायला सांगितलं. तो गेला. कॅप्टन कॉकपिटमध्ये राहिला आणि सीरियाच्या वाळवंटात मयादीन गावाजवळ त्याने विमान पोटावर उतरवलं. कॉकपिटमधले सगळे गेले. एकूण छत्तीसपैकी चौदा-पंधरा माणसं दगावली. रॉडनबेरीच्या बरगड्या मोडल्या होत्या. तशा अवस्थेत त्याने जळत्या विमानातून माणसं ओढून बाहेर काढली आणि दिवस उजाडल्यावर, वाचलेल्यांतला वरिष्ठ अधिकारी म्हणून सगळी सूत्रं हातात घेतली.

मला हा प्रसंग त्याच्या अख्ख्या आयुष्याची किल्ली वाटतो. कॅप्टन मागे पाठवतो, हा जातो. वाद नाही, माझी ड्युटी नाही असं म्हणणं नाही. आणि त्या एका हुकमामुळेच तो वाचतो.

वर्षभरातच त्याने पॅन अॅम सोडली आणि १९४९ मध्ये वडिलांसारखाच लॉस एंजेलिस पोलिसांत दाखल झाला. तिथे तो वरिष्ठांसाठी भाषणं लिहायचा आणि फावल्या वेळात रॉबर्ट वेस्ली या टोपणनावाने टीव्ही मालिकांच्या कथा विकायचा. १९५६ मध्ये सार्जंट असताना नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक झाला. म्हणजे बघा, पस्तिशीच्या आत लष्कर, विमान कंपनी आणि पोलीस असे तीन गणवेश अंगावर चढवून झाले होते. तिन्हीकडे हुद्दा असतो, वरिष्ठ असतो, आणि शेजारी बसणारा माणूस आवडो न आवडो, इंजिन पेटल्यावर त्याच्यासोबतच काम करावं लागतं.

१९६३ मध्ये त्याची स्वतःची पहिली मालिका आली, ‘द लेफ्टनंट’. मरीन सैनिकांवरची. वर्षभरात बंद पडली. मग त्याने अधिकारी थेट अवकाशात पाठवायचं ठरवलं. नेपोलियनच्या काळातल्या हॉर्नब्लोअर नावाच्या आरमारी कॅप्टनच्या कादंबऱ्या त्याला फार आवडायच्या. तोच कॅप्टन त्याने ताऱ्यांमध्ये नेला. पहिला नमुना-भाग एनबीसी नेटवर्कने नाकारला, दुसरा पसंत पडला, आणि ८ सप्टेंबर १९६६ ला ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या जुन्या मालिकेत भांडणं आहेत! डॉक्टर मॅकॉय आणि स्पॉक यांचं तर एक मिनिट पटत नाही. मॅकॉय स्पॉकच्या हिरव्या रक्तावरून बोलतो, स्पॉक त्याच्या भावनांवरून. पण हे सगळं कॅप्टन कर्कच्या समोर, तोंडावर, आणि मुद्द्यावर. १९६६ च्याच एका भागात स्टाइल्स नावाच्या अधिकाऱ्याला शत्रूचा चेहरा स्पॉकसारखा दिसतो, म्हणून तो स्पॉकवर संशय घेतो. कर्क त्याला तिथल्या तिथे झापतो. असले पूर्वग्रह असलेच तर ते आपल्या खोलीत ठेवून यायचे, ब्रिजवर आणायचे नाहीत, असा त्याचा सूर असतो. शेवटी स्पॉकच त्या स्टाइल्सचा जीव वाचवतो.

आणि माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे १९६७ चा ‘द डूम्सडे मशीन’. कमोडोर डेकरचं सगळं क्रू एका राक्षसी यंत्राने मारलेलं असतं. अपराधीपणाने तो वेडापिसा झालेला असतो. कर्क दुसऱ्या यानावर अडकलेला, आणि हुद्द्याने वरचा म्हणून डेकर एंटरप्राइजचा ताबा घेतो. सगळ्यांना दिसतंय की हा आपल्याला मृत्यूच्या दाढेत नेतोय. मॅकॉय ओरडतो. स्पॉक मात्र नियम बघतो. कमोडोरला उतरवायचं तर डॉक्टरने त्याची तपासणी करून तसं लिहून द्यायला हवं, आणि तपासणी तर झालेलीच नाही. म्हणून स्पॉक खुर्ची सोडतो. विरोध नोंदवतो, सल्ला देत राहतो, पण हुकूम पाळतो. पुढे संपर्क जुळतो, कर्क स्वतःच्या जबाबदारीवर आदेश देतो, आणि मग स्पॉक तितक्याच थंडपणे डेकरला खुर्चीवरून उठवतो. कोणी पिस्तूल काढत नाही. पहिल्यांदा बघताना मला स्पॉकचा राग आला होता. दुसऱ्यांदा बघताना कळलं, की आज चांगल्या कारणासाठी नियम मोडला तर उद्या वाईट कारणासाठी कोणीही मोडेल, हे त्याला माहीत आहे.

पडद्यामागे मात्र रॉडनबेरी असा नव्हता, आणि हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या नमुना-भागात यानावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक बाई होती. नेटवर्कला बाई अधिकारी नको होती म्हणून ती भूमिका गेली, असं तो पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिला. त्याच्याबरोबर काम केलेल्यांनी नंतर लिहिलं, की आक्षेप बाईला नव्हता, विवाहित रॉडनबेरीने आपल्या मैत्रिणीला ती भूमिका दिली याला होता. ती मैत्रीण म्हणजे मेजल बॅरेट. १९६९ मध्ये त्यांनी लग्न केलं. दुसरी गोष्ट शीर्षक-संगीताची. अलेक्झांडर करेज या संगीतकाराच्या धुनेवर रॉडनबेरीने शब्द लिहून ठेवले. ते शब्द मालिकेत कधीच गायले गेले नाहीत, पण गीतकार म्हणून रॉयल्टीचा अर्धा वाटा मात्र त्याच्याकडे आला. करारात तशी सोय होती, म्हणजे बेकायदा काही नाही. पण कर्कने असं केलं असतं का? मला नाही वाटत.

मालिका ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. नंतर पुन्हा पुन्हा दाखवली जाताना ती खरी लोकप्रिय झाली, इतकी की १९७६ मध्ये नासाने पहिल्या शटलला ‘एंटरप्राइज’ नाव दिलं. १९७९ मध्ये चित्रपट आला. तो खर्चिक ठरला, आणि पुढच्या चित्रपटांत रॉडनबेरीला नुसतं सल्लागार करून बाजूला बसवलं. सल्ला तो भरपूर द्यायचा, ऐकायचं कोणी नाही.

१९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही नवी मालिका त्याच्या हातात आली, आणि तेव्हा तो नियम आला. चोविसाव्या शतकातला माणूस सुधारलेला आहे, म्हणून कॅप्टन पिकार्डच्या यानावर अधिकाऱ्यांचे आपसात हेवेदावे नाहीत. ज्याने मॅकॉय आणि स्पॉक लिहिले, त्यानेच आता भांडणाला बंदी केली! मधल्या वीस वर्षांत चाहत्यांनी त्याला द्रष्टा करून टाकलं होतं, आणि तोही स्वतःला तसंच समजायला लागला होता, असं मला वाटतं. गंमत म्हणजे हा नियम करणाऱ्याच्या ऑफिसात मात्र धुमश्चक्री चालू होती. त्याचा वकील लेखकांच्या संहितांमध्ये हात घालायचा, लेखक वैतागून सोडून जायचे. डी. सी. फोंटाना आणि डेव्हिड जेरॉल्ड हे जुन्या मालिकेपासूनचे लेखकसुद्धा पहिल्याच वर्षी गेले.

तरीपण तो नियम अगदीच फुकट गेला असं म्हणवत नाही. १९८९ मधला ‘द मेजर ऑफ अ मॅन’ बघा. डेटा हा यंत्रमानव अधिकारी. तो माणूस आहे की सरकारी मालमत्ता, यावर खटला चालतो. डेटाविरुद्ध उभं राहायची ड्युटी त्याचाच मित्र रायकर याच्यावर येते. त्याने नीट बाजू मांडली नाही, तर सुनावणी न होताच निकाल डेटाच्या विरोधात जाणार. म्हणून रायकर जीव तोडून मांडतो, भर कोर्टात डेटाचं बटण बंद करून दाखवतो. जिंकतो डेटाच. रायकर मेल्याहून मेल्यासारखा झालेला असतो, आणि डेटा त्याला समजावतो की तू भाग घेतलास म्हणून मी वाचलो. यात कोणाचं कोणाशी वैर नाही, तरी श्वास रोखून धरावा लागतो.

रॉडनबेरी २४ ऑक्टोबर १९९१ ला गेला. त्याच्या दोनच दिवस आधी त्याने सहावा चित्रपट पाहिला होता. त्यात कर्क आणि त्याचे सहकारी क्लिंगॉन जमातीबद्दल उघड द्वेषाने बोलतात. आपले अधिकारी असे वागूच शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. अखेरपर्यंत त्याची तक्रार तीच.

तो गेल्यावर लेखकांनी हळूहळू दोर सैल केला. १९९२ च्या एका भागात जुन्या मालिकेतला इंजिनिअर स्कॉटी नव्या यानावर येतो. नवा चीफ इंजिनिअर जॉर्डी कॅप्टनला कामाला लागणारा खरा वेळ सांगतो, हे ऐकून स्कॉटी थक्क होतो. खरा वेळ कधी सांगायचाच नसतो, वाढवून सांगायचा आणि मग लवकर करून दाखवायचं, ही त्याची विद्या! (प्रोजेक्टची तारीख सांगताना आपणही स्कॉटीचेच चेले.) त्याच डिसेंबरात कॅप्टन जेलिको आला. तीनच्या चार शिफ्ट करा म्हणाला, रायकरने टाळाटाळ केली, आणि शेवटी जेलिकोने त्याला पदावरून उतरवलं. पुढे अवघड उड्डाणासाठी रायकरच लागतो. तेव्हा दोघं एकमेकांना तोंडावर सांगतात की तू मला आवडत नाहीस, आणि मग मुकाट्याने कामाला लागतात. यात चूक कोणाची यावर आजही चाहत्यांमध्ये वाद होतात. माझ्या मते रायकरची.

स्कॉटीचा तो भाग लिहिणारा रोनाल्ड मूर पुढे ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ची नवी आवृत्ती घेऊन आला, २००३ मध्ये. तिच्या सुरुवातीलाच दुय्यम कमांडर टाय दारू पितोय, आणि पत्त्यांच्या डावात लेफ्टनंट स्टारबक त्याला ठोसा मारते. त्याच मालिकेतली अॅडमिरल केन तर हुकूम नाकारला म्हणून आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत गोळी घालते. आणि २०१७ मध्ये खुद्द स्टार ट्रेकच्याच ‘डिस्कव्हरी’त पहिल्याच भागात बर्नम ही अधिकारी कॅप्टनला मानेची शीर दाबून बेशुद्ध करते आणि यानाचा ताबा घेते. तिचा अंदाज कदाचित बरोबर असेलही. पण डेकरच्या वेळी स्पॉकचाही अंदाज बरोबरच होता की!

नव्या मालिका जास्त खऱ्या वाटतात, असं हॉस्टेलमध्ये बरेच जण म्हणतात. माणसं चिडतात, पितात, चुकतात, हे खरंच आहे. पण मयादीनजवळ त्या रात्री ज्या कॅप्टनने रॉडनबेरीला मागे पाठवलं आणि स्वतः जागेवर बसून राहिला, तोही खराच होता.